घराचं शुद्धिपत्र

फुकटचे सल्ले हवे असतील तर माणसाने दोनपैकी एक करावं: आजारी पडावं, नाहीतर घर बांधायला काढावं. आजारी माणसाला निदान झोपेचं सोंग तरी घेता येतं. घर बांधणाऱ्याला तीही सोय नाही. तो बिचारा रस्त्याकडेला उभा, हातात टेप, पायाशी खड्डा, आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबून सांगणार, "जोतं जरा वर घ्या हो." तो पुढे गेला की दुसरा येणार आणि म्हणणार, "एवढं वर कशाला घेताय?"

खुसपटेंनी मात्र या सल्ल्यांना वेसण घातली होती. खुसपटे हे त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं ते छापखान्यात मुद्रितं तपासत होते; मजकूर छापून जायच्या आधी त्यातल्या चुका हुडकून काढायच्या, हे त्यांचं काम. इतरांना जिथे गुळगुळीत ओळ दिसायची तिथे यांच्या दाताखाली ऱ्हस्वदीर्घाचा खडा यायचा. ऊठसूट खुसपट काढणारे म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की एकदा पगाराच्या पाकिटावरही तेच आलं. त्यांनी ते पाकीट परत पाठवलं. नाव चुकलं म्हणून नव्हे, 'खु' दीर्घ पडला होता म्हणून.

निवृत्तीनंतर त्यांनी घर बांधायला काढलं तेव्हा त्यांची रीतही धंद्याला धरूनच होती. "घर बांधून झालेल्या माणसाला सल्ला विचारू नये," असं त्यांचं म्हणणं. "तो फुशारक्या मारतो. त्याला एवढंच विचारावं, की बाबा रे, तुझं चुकलं कुठे?"

आणि खरोखरच या एका प्रश्नाने माणसं मोकळी व्हायची. नवराबायको आधी एकमेकांकडे बघायचे आणि मग दोघंही एकदम बोलायला लागायचे. शाळेतल्या बाईंच्या घरात दिव्याचं बटण दारामागे गेलं होतं. अंधारात आत शिरायचं, दार लावायचं, मग दिवा लावायचा. शिंप्याच्या घराचं जोतं रस्त्याच्या पातळीला होतं. दर दोन-चार वर्षांनी नवा थर चढून रस्ता वर वर येत गेला, घर होतं तिथेच राहिलं, आणि आता रस्त्यावरचं पाणी न विचारता आत येतं. औषधाच्या दुकानवाल्याच्या न्हाणीघराचा उतार मोरीकडे द्यायचा तो दाराकडे दिला गेला होता. आणि एका सुताराने, चक्क सुताराने, स्वतःच्या घरात खिडकी अशी बसवली होती की उघडली की पलंगावर निजलेल्याच्या कपाळात. "लोकांच्या खिडक्या बसवताना जन्मात चुकलो नाही," तो डोकं खाजवत म्हणाला.

खुसपटे हे सगळं एका जाड वहीत लिहून घ्यायचे. वहीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात 'शुद्धिपत्र' असं लिहिलं होतं. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली की शेवटी एक चिठ्ठी चिकटवतात, अमुक पानावर अमुक आहे तिथे तमुक वाचावे, तीच ही. नोंदीही त्याच थाटाच्या. 'बटण दारामागे आहे, तिथे कडीच्या बाजूला वाचावे.' 'नळाचे पाइप गिलाव्याखाली गेले, तिथे गिलाव्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवले असे वाचावे. पुढे खिळा मारताना उपयोग होतो.' 'फरश्या मोजून आणल्या, तिथे वीस जादा आणल्या असे वाचावे. तोच रंग पुन्हा मिळत नाही.'

गवंडी ही वही बघून गालातल्या गालात हसायचा. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस.

"साहेब, तुमच्या वहीत सगळं आहे," तो एकदा म्हणाला, "फक्त घर नाहीये."

पण त्याच्याकडूनही खुसपटेंना एक नोंद मिळाली होती. पाया खणायच्या आधी जमिनीवर खुंट्या ठोकून, चुन्याच्या रेघा मारून खोल्या आखल्या, त्या दिवशी खुसपटेंची बायको स्वयंपाकघराच्या चौकोनात जाऊन उभी राहिली आणि तिचा चेहरा पडला.

"एवढंच?" ती म्हणाली. "यात मी मावेन, पण कढई कुठे ठेवू?"

खुसपटेंनी लगेच खुंटी उपटायला हात घातला. गवंड्याने तो हात धरला.

"थांबा साहेब. आणि ताई, तुम्हीही ऐका. चुन्यात घर लहान दिसतं. भिंती आल्या की मोठं होतं. सामान आलं की पुन्हा लहान. सगळ्यांचं असंच होतं. इथे रेघ सरकवली की पुढे सगळंच सरकतं. त्यापेक्षा दोन खुर्च्या आणा आणि आत बसून बघा."

दोघं चुन्याच्या स्वयंपाकघरात खुर्च्या टाकून बसली. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. बायकोने हवेतल्या हवेत एक फळी उघडली, एक डबा काढला, मागे वळून काल्पनिक शेगडीपाशी गेली आणि म्हणाली, "पुरतंय की हो." खुंटी राहिली.

तर अशी बावीस घरं वहीत आली. तेविसावं घर त्यांच्या प्लॉटपासून चालत पंधरा मिनिटांवर होतं, आणि तिथे खुसपटे वही घेऊन गेले नव्हते. ते त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, दादांचं घर होतं.

नऊ वर्षांपूर्वी दादांचं घर बांधून झालं तेव्हा त्यांनी एका रविवारी सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलावलं होतं. पाहुणे घर बघत बघत वर निघाले. खुसपटे पुढे. जिन्याच्या शेवटच्या पायरीला त्यांच्या पायाचा अंगठा अडला आणि ते वरच्या मजल्यावर पोचले ते चारी पायांवर. मागचे सगळे हसले. दुसरा कुणी असता तर आपणही हसून कपडे झटकले असते. खुसपटेंनी टेप मागितला.

त्यांनी अठराच्या अठरा पायऱ्या मोजल्या, वरून खाली, मोठ्याने आकडे सांगत. खाली उतरल्यावर ते विजयाने ओरडले, "सतरा पायऱ्या साडेसहा, आणि शेवटची आठ! दोन बोटं जास्त! दादा, तुझा जिना चुकलाय!"

पाहुण्यांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "घर पास की नापास, खुसपटे?" दादा जिन्याच्या पायथ्याशी पाण्याचा जग घेऊन उभे होते. ते एवढंच म्हणाले, "झालं मोजून? आता जेवायला बसा."

'बस' नाही म्हणाले, 'बसा' म्हणाले. खुसपटेंच्या तो एका कान्याचा फरक तेव्हाच लक्षात आला. अशा गोष्टी लक्षात येण्यावरच त्यांचं पोट चाललं होतं. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की सगळ्यांनाच उद्देशून म्हणाले असतील. पण पुढच्या लग्नात गाठ पडली तेव्हा दादांनी विचारलं, "काय, कसे आहात?" जन्मभर 'तू' म्हणणारा भाऊ 'तुम्ही' म्हणायला लागला की भांडायलाही जागा उरत नाही. ना शिवी, ना आरोप; नुसता मान. नऊ वर्षांत दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या घराची पायरी चढला नाही.

आणि गंमत म्हणजे चुका काढायला खुसपटेंना शिकवलं ते दादांनीच. लहानपणी त्यांचं घर एका खोलीचं. वडील रात्रपाळीला असायचे आणि दिवसा त्याच खोलीत झोपायचे, त्यामुळे दोघा पोरांचं सगळं बोलणं एकमेकांच्या कानात चालायचं. दादा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर घरं काढायचा. मोठाली, दुमजली. काढून झालं की कागद धाकट्यापुढे सरकवायचा आणि आपला कान पुढे करायचा. धाकटा दोन्ही हातांचा द्रोण करून त्या कानात सांगायचा, "दादा, संडास राहिला." किंवा, "दादा, जिनाच नाही. वर जायचं कसं?" मग तोंडावर हात दाबून दोघं हसायचे, आणि दादा खोडरबर घ्यायचा.

आपलं घर बांधताना खुसपटेंना हा कान सारखा आठवत होता. नकाशा झाला तेव्हा आठवला, भिंती उभ्या राहिल्या तेव्हा आठवला. शंभर माणसांनी येऊन वाहवा केली न केली तरी चालेल; पण दादांनी यावं, घरभर फिरावं आणि बरं झालंय म्हणावं, एवढं त्यांना हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगावं लागलं नाही.

जिना ओतून झाला. वरची स्लॅब झाली. मग खुसपटे दातांच्या डॉक्टरांकडे गेले, ते बाविसावं घर. डॉक्टरांच्या वरच्या न्हाणीघराचे पाइप फरशीखाली नीट बुडले नव्हते आणि तिथे फरशी पोकळ वाजायची. डॉक्टरांनी दात ठोकून बघावा तशी ती ठोकून दाखवली. खुसपटे तडक बांधकामावर आले.

"मिस्त्री, वरच्या मजल्यावर फरशीखाली थर जाड घ्या. दोन बोटं वाढवा. पाइपांना जागा हवी."

गवंड्याने मान खाजवली. "फक्त न्हाणीत वाढवू की."

"छे! मग न्हाणीला उंबरा येईल. या वयात उंबरे नकोत. सगळा मजलाच वाढवा."

"जिना ओतून झालाय साहेब. वर चढवलं की तिकडे बघावं लागेल."

"दोन बोटांनी काय होतंय मिस्त्री?" खुसपटे म्हणाले आणि वहीत नोंद करायला वळले.

चौतीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला एक नियम तोंडपाठ असतो: आपण लिहिलेलं आपण तपासू नये. डोळा वाचत नाही, तो आठवतो. जे असायला हवं तेच त्याला दिसतं. खुसपटेंनी हा नियम नव्या लोकांना शेकडो वेळा सांगितला होता. पण नियम दुसऱ्याला सांगून सांगून इतका गुळगुळीत होतो की स्वतःच्या हातातून केव्हा निसटला ते कळत नाही.

एका दुपारी बायको ती वही चाळत बसली होती. शेवटच्या पानावर पोचली आणि तिने चष्मा काढला.

"बावीस घरं. आणि तेविसावं?"

"आता काम संपत आलं. वेळ कुठे आहे?"

"अहो, तुमच्या शुद्धिपत्रातलंच एक पान गळलंय," ती म्हणाली. "शिंप्याकडे जाता, त्या दातवाल्याकडे जाता. सख्ख्या भावाला विचारायला काय जीभ झडते?"

"ते मला 'तुम्ही' म्हणतात," खुसपटे म्हणाले. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य कसं वाटलं असेल ते सोडा, पण ते म्हणताना त्यांनी वही ओढून मिटली.

बायकोने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "घर होईल हो पुरं. पण दादा त्यात आले नाहीत, तर तुम्ही तिथे सुखाने दोन घास खाणार आहात का? मला ठाऊक आहे. रोज दाराकडे बघत जेवाल. मला असलं घर नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुसपटे वही घेऊन निघाले. पंधरा मिनिटांच्या वाटेला त्यांना चाळीस मिनिटं लागली.

वहिनींनी दार उघडलं. त्या आधी नुसत्या बघत राहिल्या आणि मग आत तोंड करून म्हणाल्या, "अहो, बघा कोण आलंय. आणि आता उगीच ताठू नका." दादा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. शेजारी काठी टेकवलेली. नऊ वर्षांत लग्नाकार्यांत भेटले होते, पण घरात बसलेला माणूस वेगळा दिसतो. खुसपटेंना ते एकदम म्हातारे वाटले. कोपऱ्यात पलंग होता.

"या," दादा म्हणाले. "बसा."

खुसपटे बसले. वहिनी चहा ठेवायला गेल्या. खुसपटेंनी वही उघडली आणि बावीस घरांत विचारलेला प्रश्न तेविसाव्यांदा विचारला. फक्त या वेळी पेन हातात धरवेना.

"घर बांधतोय. सगळ्यांना विचारतो, तुमचं काय चुकलं. म्हटलं, तुलाही विचारावं."

दादांनी वहीकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे की. तुम्हीच मोजलं होतंत."

"दादा..."

"शेवटची पायरी. मला ती तुमच्या आधी आठ दिवस कळली होती. वर फरशी जाड बसली, तो फरक जिन्यात आला. गवंडी सोमवारी येऊन फोडून नीट करणार होता. सोमवारी. तुम्ही रविवारी मोजलीत." दादांनी काठी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. "सोमवारी तो आला, आणि मी त्याला परत पाठवला. म्हटलं, राहू दे. अख्ख्या गावाला कळलंच आहे, तर राहू दे. तुम्ही विचारताय ना, काय चुकलं? पायरी नाही. तो गवंडी परत पाठवला, ते चुकलं. आता गुडघा गेला. सतरा पायऱ्या चढतो कसातरी, पण ती अठरावी चढवत नाही. वर्ष झालं, वर गेलो नाही. स्वतः बांधलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर काय चाललंय ते मला हिला विचारावं लागतं."

खुसपटेंना वाटलं, जमीन दुभंगावी. ते काहीतरी बोलायला गेले, पण दादांचं संपलं नव्हतं.

"चूक काढलीत त्याचं मला काही नाही. चुका तुम्ही जन्मापासून काढताय. पण लहानपणी तुम्ही कानात सांगायचात."

"लहानपणी कसलं मेलं 'तुम्ही'!" स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या. "चड्डी सांभाळता येत नव्हती त्यांना तेव्हा."

कुणीच हसलं नाही. खुसपटे उठले, उगीच, हातपायांना काहीतरी काम हवं म्हणून, आणि जिन्याकडे गेले. "वर जाऊन येतो," ते म्हणाले. एक एक पायरी चढत गेले आणि अठराव्या पायरीला पाय नीट वर उचलून टाकला. वर दोन खोल्या होत्या, स्वच्छ, पडदे ओढलेल्या, कुणी न वापरलेल्या. खिडकीशी दादांची लिहायची मेज होती आणि तिच्यावर पांघरूण घातलेलं होतं. खुसपटेंनी ते पांघरूण उगीचच सारखं केलं आणि खाली आले.

"अडखळला नाहीत," दादा म्हणाले. त्यांचे कान त्या पायरीकडेच होते. "या घरात फक्त पाहुणे अडखळतात."

"लक्षात होती."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं," खुसपटे म्हणाले, आणि मग त्यांनी जे म्हणायला नऊ वर्षं लावली ते म्हणून टाकलं. "दादा, मी चुकलो. घर बघायला ये. तू आला नाहीस तर ते घर होणार नाही."

दादांनी कपातला चहा बशीत ओतला. "बघू," ते म्हणाले. "गुडघ्याचं काही सांगता येत नाही."

यातून काय घ्यायचं ते खुसपटेंना कळलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघू म्हणाले." मोठ्या भावाच्या 'बघू'चे दोन्ही अर्थ होतात, आणि कोशात त्यांपैकी एकही दिलेला नसतो. त्या दिवसापासून बांधकामावर गेले की त्यांची पाठ घराकडे आणि तोंड रस्त्याकडे.

वरची फरशी बसली. खालची बसली. जिन्याच्या पायऱ्या तेवढ्या अजून कच्च्या होत्या, नुसतं काँक्रीट. त्यांच्यावर घालायचे दगड कापून भिंतीला टेकवून ठेवले होते आणि दुसऱ्या दिवसापासून ते बसवायचे होते. त्या दिवशी संध्याकाळी काही नातलग घर बघायला आले. मेहुणे होते, चुलतबहीण होती, तिचे यजमान होते. शाळेतल्या बाईही त्यांचं बटण आता कुठे लागलंय ते बघायला आल्या होत्या. सगळे जिना चढून वर गेले. शेवटच्या पायरीला पाय जरा जास्त उचलावा लागला तेव्हा मेहुण्यांनी विचारलंही, आणि खुसपटेंनी ऐटीत सांगितलं, "पायऱ्यांवर दगड बसायचेत अजून. ते बसले की सारखं होईल." सगळ्यांना पटलं. गवंड्यालाही पटलेलं होतं. महिन्याभरापूर्वी काढलेली शंका त्याच्याही डोक्यातून गेली होती.

मग खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काठीचा.

खुसपटे वरच्या कठड्याशी उभे होते. दादांनी चप्पल काढली, मान वर करून छताकडे पाहिलं, भिंतीवर तळहात फिरवला, दारामागे डोकावून बटण कुठे आहे ते पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "वर नका चढू. खालूनच बघा." दादांनी त्यांचं ऐकलं नाही. एका हातात काठी आणि दुसरा हात भिंतीला, असे ते चढायला लागले. खुसपटे धावत अर्ध्यात उतरले, पण हात कसा पुढे करावा ते त्यांना समजेना, म्हणून नुसते एक पायरी मागे राहून चढू लागले. दादा प्रत्येक पायरीला थांबत होते. सतरा झाल्या. अठराव्या पायरीपाशी ते उभे राहिले, पाय उचलला, टेकवला, परत खाली घेतला. भिंतीला टेकवलेल्या दगडांकडे त्यांनी पाहिलं, अंगठा आणि तर्जनीत एका दगडाची जाडी धरली, ती बोटं तशीच पायरीला लावून पाहिली. मग दम धरून वर आले.

मेहुण्यांना राहवलं नाही. "काय, कसं काय वाटलं घर?"

दादांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "छान झालंय. उजेड चांगला आहे."

आणि मग त्यांनी धाकट्या भावाचा दंड धरून त्याला स्वतःकडे ओढलं, काठी बगलेत मारली, दोन्ही हातांचा द्रोण केला आणि त्याच्या कानात तोंड घातलं.

"गाढवा," ते कुजबुजले, "तुझी शेवटची पायरी चुकलीये. दगड बसल्यावरही दोन बोटं उरतील."

खुसपटेंनी पायरीकडे पाहिलं. एका क्षणात त्यांना सगळं दिसलं: डॉक्टरांची पोकळ फरशी, वाढवलेला थर, 'दोन बोटांनी काय होतंय'. बावीस घरांच्या चुका गोळा करून त्यांनी तेविसाव्या घराची चूक नेमकी तशीच्या तशी उतरवून काढली होती. एरवी त्यांना भोवळ आली असती. पण 'गाढवा' हा शब्द अजून कानात गरम होता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवण्यासाठी त्यांनी पटकन दादांच्या कानाशी तोंड नेलं.

"आता काय करू?"

"एकीवर टाकू नकोस. अठरांत वाटून टाक. उद्या दगड बसवताना खालचा माल प्रत्येक पायरीला थोडा थोडा वाढवत वर यायचं. एकीच्या वाट्याला सूतभरही येत नाही. कुणाच्या पायाला कळणारसुद्धा नाही." दादा श्वास घ्यायला थांबले. "पण आत्ता सांग त्याला. माझ्यासारखं करू नकोस."

खुसपटेंनी मान डोलावली. खाली गवंडी हात धूत होता. ते कठड्यावरून वाकून त्याला हाक मारणार, तेवढ्यात मेहुण्यांनी हसत विचारलं, "काय हो खुसपटे, दोघा भावांची काय एवढी कुजबुज चाललीय?"

"काही नाही," खुसपटे म्हणाले. "घरातलं आहे."